वाईनचे गुण आणि टेस्टिंग नोट: गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा इथून वाईनचे गुण आणि टेस्टिंग नोट (समीक्षकाने चाखून लिहिलेलं वर्णन) यांबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बरेचसे प्रश्न दुकानात बाटली हातात धरून, दुसऱ्या हाताने फोनवर टाइप केलेले असतात. म्हणून प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असं लिहिलं आहे, आणि एकच गोष्ट दोनदा येऊ नये म्हणून जागोजागी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. गोव्यात मद्य विकत घ्यायला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात, हे गृहीत धरलं आहे.

१. वाईनला शंभरपैकी ९० गुण म्हणजे नेमकं काय? शाळेतल्या ९० टक्क्यांसारखंच का?

नाही. शंभराची ही पट्टी शून्यापासून नव्हे, पन्नासपासून सुरू होते. ती लोकप्रिय करणारे अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांच्या मांडणीत बाटलीला ५० गुण आधीच मिळालेले असतात. उरलेल्यांपैकी ५ रंगरूपाला, १५ वासाला, २० चवीला आणि ती तोंडात किती वेळ रेंगाळते याला, आणि १० एकूण दर्जाला व पुढे मुरण्याच्या क्षमतेला. ९६ ते १०० असामान्य, ९० ते ९५ उत्कृष्ट, ८० ते ८९ सरासरीपेक्षा वरची ते खूप चांगली, ७० ते ७९ साधारण, अशी त्यांची वर्गवारी.

कागदावर पट्टी पन्नास घरांची असली तरी दुकानात पोहोचणाऱ्या, गुण छापलेल्या बाटल्या बहुतेक ८७ ते ९६ मध्येच असतात. ८२ मिळालेल्या बाटलीचे गुण कुणी पाटीवर लावत नाही. त्यामुळे ८९ आणि ९० मधला फरक डोळ्याला मोठा दिसतो. तोंडात तो सापडेलच असं नाही (का ते प्रश्न ४ मध्ये).

२. हे गुण देणारे कोण, आणि सगळे त्यांचं एवढं का ऐकतात?

पार्कर पेशाने वकील होते. १९७८ मध्ये त्यांनी ‘द वाईन ॲडव्होकेट’ हे पत्रक सुरू केलं. त्यात जाहिराती नव्हत्या आणि त्यांचं म्हणणं रोखठोक असे. फ्रान्समधल्या बोर्दो प्रदेशाच्या १९८२ सालच्या वाईन पिंपात असतानाच त्यांनी त्या अव्वल ठरवल्या. काही जाणत्यांना तेव्हा ते पटलं नव्हतं. पुढे ते साल, म्हणजे त्या वर्षीच्या द्राक्षांची वाईन, गाजलं आणि पार्कर यांचा शब्द बाजारात चालू लागला. ते २०१९ मध्ये निवृत्त झाले आणि पत्रकाची मालकी त्याच वर्षी पूर्णपणे मिशेलिनकडे गेली.

आज ‘वाईन स्पेक्टेटर’, ‘डिकँटर’ ही मासिकं, ब्रिटिश समीक्षक जॅन्सिस रॉबिन्सन असे अनेक आवाज आहेत. भारतात सोनल हॉलंड २०१६ मध्ये ‘मास्टर ऑफ वाईन’ झाल्या. ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय.

ऐकलं जातं याचं कारण सरळ आहे. बाटली उघडल्याशिवाय चव कळत नाही आणि उघडल्यावर आवडली नाही म्हणून परत करता येत नाही. अनोळखी नावांच्या रांगेसमोर उभ्या माणसाला आकडा पटकन आधार देतो. त्यात गैर काही नाही. मला आक्षेप एवढाच आहे की आकडा एकटा फिरतो. कुणी दिला, कधी दिला आणि कुठल्या परिस्थितीत दिला, हे तीन तपशील मागेच राहून जातात.

३. एकाने २० पैकी १७ दिले, दुसऱ्याने १०० पैकी ९२. जास्त कुणाचे?

पाचाने गुणू नका. १७ गुणिले ५ म्हणजे ८५ होतात, पण हे उत्तर चुकीचं आहे. वीसची पट्टी वेगळ्या कामासाठी आली. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात १९५९ मध्ये मेनार्ड अमेरिन आणि सहकाऱ्यांनी तिचं एक रूप बसवलं, त्यात भर होता वाईनमधले दोष पकडण्यावर. जॅन्सिस रॉबिन्सन वीसची पट्टी वापरतात, पण स्वतःच्या पद्धतीने. त्यांच्या लेखी १७ म्हणजे उंची वाईन आणि १२ म्हणजे सदोष किंवा तोल गेलेली. सवयीने वाचणारे लोक त्यांचे १७ शंभरात नव्वदीच्या थोडे वर धरतात. दोन समीक्षकांचे आकडे एकमेकांशी जुळवण्यापेक्षा एकाच समीक्षकाचे दोन आकडे शेजारी ठेवलेत तर जास्त कळेल.

४. तीच वाईन त्याच माणसाला पुन्हा दिली, तर तो तेवढेच गुण देईल का?

या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मला हाच वाटतो, आणि तो कुणीतरी खरोखर तपासून पाहिला आहे. रॉबर्ट हॉजसन हे कॅलिफोर्नियातले निवृत्त प्राध्यापक, स्वतः छोटी वायनरी चालवणारे. त्यांच्या वाईनला एका स्पर्धेत सुवर्णपदक मिळे, आणि दुसरीकडे तीच वाईन रिकाम्या हाताने परते. त्यांनी कॅलिफोर्निया स्टेट फेअर या वाईन स्पर्धेच्या आयोजकांना विश्वासात घेतलं आणि परीक्षकांसमोर येणाऱ्या साधारण तीस ग्लासांत एकच वाईन, एकाच बाटलीतून ओतून, तीनदा ठेवली. परीक्षकांना ती कुठली हे ठाऊक नव्हतं.

निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे १० टक्के परीक्षकांनाच तिन्ही वेळा एका पदकाच्या गटात बसतील असे गुण देता आले. आणखी सुमारे १० टक्के परीक्षकांनी त्याच वाईनला कधी कांस्याचे तर कधी सुवर्णाचे गुण दिले. बाकीच्यांचे गुण साधारण चारांनी वर-खाली होत होते. एका वर्षी अचूक ठरलेला परीक्षक पुढच्या वर्षीही अचूक राहील, असंही दिसलं नाही.

चारांचा हा फरक लक्षात ठेवला की दुकानातलं गणित बदलतं. एकीवर ८९, शेजारची ९२ आणि दोघींच्या किमतीत हजार रुपयांचं अंतर असेल, तर त्या तीन गुणांसाठी हजार रुपये मोजू नका. ८५ आणि ९५ मधल्या फरकाला मात्र अर्थ असू शकतो.

यात परीक्षकांची चेष्टा करण्यासारखं काही नाही. पंधराव्या ग्लासाला जीभ थकलेली असते, हिरड्या टॅनिनने (द्राक्षाच्या सालीतल्या तुरट घटकाने) आखडलेल्या असतात, आणि आधीचा ग्लास गोड असेल तर पुढचा आंबट लागतो. घरी चहाबरोबर आधी लाडू खाऊन पाहा, तोच चहा अगोड लागेल.

५. म्हणजे हे सगळं थोतांडच ना?

नाही, आणि हे मी मनापासून सांगतो. हॉजसन यांची तपासणी स्पर्धेतल्या धावपळीची होती, एकामागून एक कित्येक ग्लास चाखण्याची. एकच प्रदेश वर्षानुवर्षं चाखणारा, तिथल्या मळ्यांत जाऊन आलेला समीक्षक वेगळं काम करतो. त्याला सदोष बाटली ओळखता येते, साल कसं गेलं ते सांगता येतं, आणि ही वाईन आत्ता उघडावी की पाच वर्षं ठेवावी याचा अंदाज देता येतो. एका चाखण्यातून हे आपल्याला कधीच कळणार नाही.

भरवसा ठेवायचा तर आकड्यावर नको, माणसावर ठेवा. म्हापशाच्या बाजारात मानकुराद घेताना आपण सगळ्या टोपल्या चाखत बसत नाही, ज्या बाईचा आंबा मागच्या वेळी चांगला निघाला तिच्याकडेच जातो. समीक्षकही तसाच निवडावा. तुम्ही आधी प्यायलेल्या, मनापासून आवडलेल्या चार-पाच वाईन घ्या आणि त्यांच्याबद्दल कुणी काय लिहिलं होतं ते शोधा. ज्याचं लिहिणं तुमच्या जिभेशी जुळतं तो तुमचा समीक्षक. आणि ज्याचं नेमकं उलट पडतं तोही कामाचा, कारण त्याने नाक मुरडलेली वाईन तुम्हाला आवडण्याची शक्यता आहे.

६. चांगली म्हणून महाग, की गुण मिळाले म्हणून महाग?

दोन्ही, आणि दुसऱ्याचा पुरावा हाती आहे. बोर्दोमध्ये दर वसंतात नवी वाईन पिंपात असतानाच विक्रीला निघते आणि तिचा दर पार्कर यांचे गुण आल्यावर ठरे. २००३ च्या वसंतात पार्कर तिथे वेळेवर गेले नाहीत, त्यामुळे त्या वर्षी दर आधी जाहीर झाले आणि गुण नंतर आले. अर्थशास्त्रज्ञांना आयता प्रयोग मिळाला. त्यांनी इतर वर्षांशी तुलना केली, तेव्हा पार्कर यांच्या गुणांचा परिणाम सरासरी एका बाटलीमागे सुमारे २.८० युरो निघाला. मोजक्या नामवंत मळ्यांत तो याहून बराच मोठा होता.

उलट दिशेनेही घडतं. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना ९० डॉलरची वाईन १० डॉलरची सांगून दिली, मग तीच ९० ची सांगून दिली, आणि मेंदूचं स्कॅन चालू ठेवलं. किंमत जास्त सांगितली की लोकांना वाईन जास्त आवडली, आणि मेंदूत सुखाशी निगडित भागही जास्त चेतला. ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच जास्त मजा आली. त्याच वर्षी आलेल्या आणखी एका अभ्यासात झाकून चाखण्याच्या ६,००० हून अधिक नोंदी तपासल्या होत्या. किंमत लपवल्यावर, वाईनचं शिक्षण न घेतलेल्या लोकांना महागडी वाईन किंचित कमीच आवडली होती.

इथे भारतातली एक अडचण जोडा. आयात वाईनवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क राहिलं आहे, वर राज्याचा कर आणि दुकानदाराचा नफा. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानुसार २०२२ च्या अखेरीस काही दरांत उतार आला, पण तिथेही स्वस्त बाटल्यांना सवलत नाही. त्यामुळे परदेशी समीक्षक ‘या किमतीत उत्तम’ लिहितो, तेव्हा त्याच्या मनातली किंमत पणजीच्या दुकानातली नसते. चवीबद्दलचं त्याचं मत घ्या, किमतीबद्दलचं सोडून द्या.

७. समीक्षक नाव झाकून चाखतात का? आणि त्यांना पैसे मिळतात का?

पद्धती वेगवेगळ्या आहेत. ‘वाईन स्पेक्टेटर’मध्ये चाखणाऱ्याला प्रदेश, साल असा संदर्भ कळतो, पण उत्पादक आणि किंमत झाकलेली असते. पार्कर अनेकदा थेट मळ्यात जाऊन, नाव माहीत असताना चाखत. दोन्हींच्या बाजूने बोलता येतं. पण प्रश्न ६ मधला मेंदूचा प्रयोग वाचल्यावर झाकलेल्या बाटलीकडे माझा कल जास्त आहे.

पैशांबाबत थोडक्यात: नमुन्याच्या बाटल्या बहुधा फुकट येतात, दौऱ्यांचा खर्च काही वेळा उत्पादकांच्या संघटना करतात, आणि बऱ्याच मासिकांत वाईनच्या जाहिरातीही असतात. चांगला समीक्षक हे जाहीर सांगतो. जो सांगत नाही त्याच्या ९४ ला मी ९० समजतो.

८. टेस्टिंग नोटमध्ये ब्लॅककरंट, व्हायोलेट, गूजबेरी, सेडार असं लिहिलेलं असतं. मला यातलं काहीच लागत नाही. माझ्या नाकात दोष आहे का?

नाही. वास ओळखण्यासाठी तो आधी आठवणीत असावा लागतो. ब्लॅककरंट ज्याने कधी हातात घेतलं नाही, त्याला ते वाईनमध्ये कसं सापडणार? डेव्हिस विद्यापीठातल्या ॲन नोबल यांनी १९८० च्या दशकात वाईनच्या वासांचं एक चक्र तयार केलं. त्यातली फळं-फुलं त्यांच्या ओळखीची होती. आपण आपलं चक्र करावं. जांभूळ, करवंद, पिकलेला पेरू, काजूचं बोंड, सुकवलेली भिरंडं, तिरफळ, लिंबाची चुरगळलेली पानं हे वास गोव्यातल्या नाकाला पाठ असतात. शिराझ या रेड वाईनमध्ये जांभूळ आणि मिरी शोधा, नाशिकच्या शेनिन ब्लाँ या व्हाइट वाईनमध्ये पेरू शोधा. सापडतात.

यातले काही वास निव्वळ कल्पना नसतात, त्यामागे ठरावीक रसायनं आहेत. सोव्हिन्यों ब्लाँ (व्हाइट) आणि कॅबर्ने (रेड) यांच्यामधला ढोबळी मिरचीचा वास पायराझिन या संयुगांमुळे येतो आणि मिरचीतही तीच असतात. ओकच्या पिंपातून व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन उतरतं. लोण्यासारखा वास डायसिटिलचा. गेवुर्त्सट्रामिनर या व्हाइट वाईनमधला लिचीचा वास ज्या रेणूमुळे येतो, तो लिचीतही सापडतो.

आता नाकाचा मुद्दा. शिराझमधल्या मिरीच्या वासाचं मूळ असलेलं रोटंडोन ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये उजेडात आणलं. चाचणीत सुमारे २० टक्के लोकांना ते भरपूर मात्रेतही जाणवलं नाही. म्हणजे समीक्षकाने ‘काळी मिरी’ लिहिलं आणि तुम्हाला ती आली नाही, तर दोघंही बरोबर असू शकता.

डोळे नाकाला फसवतात, हेही नोंदलेलं आहे. बोर्दोत वाईनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाईन बिनवासाच्या लाल रंगाने रंगवून दिली. त्यांनी तिच्या वासाचं वर्णन रेड वाईनच्या शब्दांत केलं. तो शोधनिबंध २००१ मध्ये छापून आला. शिकलेल्या नाकांचं हे होतं, तर आपण स्वतःवर नाराज व्हायचं कारण नाही.

९. मग नोटमधला कुठला भाग भरवशाचा आणि कुठला सोडून द्यावा?

फळांची यादी सगळ्यात कमी भरवशाची. दोन जाणकारांच्या याद्या क्वचितच जुळतात. जास्त भरवशाचा भाग चवीच्या बांध्याचा: गोडवा किती, आंबटपणा किती, टॅनिन हिरड्यांना किती आवळतात, अल्कोहोल घशाला जाणवतं का, अंगाने हलकी की भरदार, चव किती वेळ टिकते. यावर लोकांचं बऱ्यापैकी एकमत होतं आणि जेवणाशी जोडी लावताना हेच उपयोगी पडतं. ‘मिनरल’ हा शब्द आला तर थबकून वाचा. मळ्यातल्या दगडाची चव द्राक्षातून ग्लासात उतरते असं त्यातून सुचवलं जातं, पण त्याला रसायनशास्त्राचा तसा आधार नाही.

‘क्लोज्ड’, ‘टाइट’, ‘अजून वेळ हवा’ असे शब्द दिसले, तर आकडा कितीही मोठा असो, ती बाटली आज रात्रीसाठी नाही.

१०. ९४ गुणांची रेड वाईन आणली, बांगड्याच्या हुमणाबरोबर घेतली आणि तोंडात लोखंड चावल्यासारखं झालं. वाईन खराब होती का?

बहुधा नव्हती. समीक्षक वाईन नुसती चाखतात, फार तर पाण्याचा घोट आणि पावाचा तुकडा. तुमच्या ताटात तेलकट मासा होता. जपानमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिलं की वाईनमध्ये लोहाचं प्रमाण जास्त असलं की माशाबरोबर उग्र, हिवसट चव तोंडात राहते. रेड वाईनमध्ये लोह अनेकदा जास्त असतं. वरून कॅबर्नेचे टॅनिन. बांगडा, तारली, पेडवे यांच्याबरोबर हे हमखास जाणवतं. चणक किंवा मोरीसारख्या कमी तेलाच्या माशाबरोबर एवढं नाही.

हुमणात आणखी दोन गोष्टी आहेत. भिरंडांच्या सोलांचा आंबटपणा वाईनचा आंबटपणा झाकतो, त्यामुळे ती सपाट लागते. आणि मिरचीच्या तिखटाने अल्कोहोलची जळजळ आणि टॅनिनचा कडवटपणा वाढतो. युरोपातल्या टेबलावर ९४ गुण मिळवणारी, साडेचौदा टक्के अल्कोहोलची, ओकच्या पिंपात मुरलेली रेड वाईन आपल्या जेवणात सगळ्या बाजूंनी अडचणीत येते.

माझा अनुभव असा: हुमण, आंबट-तीख, रेशाद मसाल्याचा तळलेला मासा यांच्याबरोबर थंडगार, आंबटसर, ओक नसलेली व्हाइट वाईन घ्यावी. जराशी गोडसर शेनिन ब्लाँ तिखटाला छान उतारा देते. मटणाच्या शागुतीला मऊ टॅनिनची शिराझ चालते, ती थोडी थंड करून घ्यावी. या बाटल्या गुणांत ८६-८७ च्या वर क्वचित दिसतात, तरी जेवणाबरोबर उठून लागतात.

११. दुकानात बाटलीखाली ‘९३ गुण’ अशी पाटी आहे. विश्वास ठेवू का?

तीन गोष्टी पाहा. पाटीवर समीक्षकाचं किंवा मासिकाचं नाव आहे का? नसेल तर पाटी वाचलीच नाही असं समजा. गुण कुठल्या सालाच्या वाईनला आहेत आणि हातातल्या बाटलीवर साल कुठलं आहे? फसगत सगळ्यात जास्त इथे होते. २०१८ च्या वाईनचे गुण २०२१ च्या बाटलीखाली लटकत राहतात, कारण पाटी बदलायचं कुणाच्या लक्षात नसतं. आणि नाव तंतोतंत तेच आहे का? एकाच उत्पादकाच्या साध्या आणि ‘रिझर्व्ह’ बाटल्यांची लेबलं जुळ्या बहिणींसारखी असतात.

१२. गोव्याच्या उकाड्यात ते गुण लागू राहतात का?

याच प्रश्नाकडे लोकांचं सगळ्यात कमी लक्ष जातं आणि गोव्यात तोच सगळ्यात मोठा आहे. समीक्षकाने चाखलेली बाटली १२ ते १५ अंशांत राहिलेली असते. आपल्यापर्यंत येणारी बाटली बंदरावरच्या कंटेनरमधून, गोदामातून, टेम्पोतून येते आणि काही दुकानांत ऊन येणाऱ्या काचेच्या कपाटात उभी राहते. तीस अंशांच्या वर काही आठवडे गेले की फळांचा ताजेपणा जातो आणि शिजवलेल्या मुरंब्यासारखा वास येऊ लागतो.

बाटली उजेडात धरून पाहा. वाईनची पातळी गळ्यात शेजारच्या बाटल्यांइतकीच आहे का? बूच वर सरकून कॅपला फुगवटा आला आहे का? कॅपच्या कडेला बोट फिरवा, चिकट लागलं तर वाईन आतून पाझरली आहे. व्हाइट वाईनला तपकिरी झाक असेल तर सोडून द्या. मागच्या लेबलवर आयातीची तारीख असते, ती वाचा. व्हाइट आणि रोझे (गुलाबी) जितकी ताजी तितकी बरी. आणि दुकान निवडताना एसी दिवसभर चालतो का हे विचारायला लाजू नका.

वेगळा दोष बुचाचा. पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याला येतो तो वास ग्लासाला आला, तर तो टीसीए नावाच्या संयुगाचा. एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम पुरतात. अशी बाटली लगेच दुकानात परत न्या. समीक्षकाच्या गुणांशी तिचा काही संबंध नाही, आणि स्क्रू कॅपच्या बाटलीत हा दोष क्वचितच भेटतो.

१३. सुला, फ्रातेली, ग्रोव्हर झाम्पा या भारतीय वाईनना मोठे समीक्षक गुण का देत नाहीत?

देतात, पण क्वचित. जी वाईन समीक्षकांच्या शहरात सहज मिळत नाही, तिच्याबद्दल लिहायचं कारण त्यांना पडत नाही. ‘डिकँटर’च्या जागतिक स्पर्धेत भारतीय वाईननी पदकं मिळवली आहेत. पण नियमित, दरवर्षीचं परीक्षण अजून विरळ आहे.

सालाच्या बाबतीत सावध राहा. युरोपात द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढतात, नाशिकला आणि अकलूजला हिवाळ्यानंतर, जानेवारी ते मार्चमध्ये. फ्रान्सचं साल कसं गेलं याचे तक्ते इथे लावू नका. भारतीय व्हाइट वाईन तर सरळ सगळ्यात नव्या सालाची घ्यावी, गुण असोत वा नसोत.

१४. बाटलीवर सोनेरी पदकाचं स्टिकर आहे. ते गुणांपेक्षा जास्त भरवशाचं का?

पदक एकट्या माणसाचं नसून पॅनेलचं असतं, ही त्याची जमेची बाजू. आंतरराष्ट्रीय वाईन संघटनेच्या, म्हणजे ओआयव्हीच्या, छत्राखालच्या स्पर्धांत एकूण नमुन्यांच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त पदकं देता येत नाहीत, हाही चांगला नियम. पण स्पर्धेत उतरायला उत्पादकाला प्रवेश शुल्क भरावं लागतं, स्टिकरही बहुधा विकतच घ्यावे लागतात, आणि न उतरलेल्या वाईनशी तुलनाच झालेली नसते.

प्रश्न ४ मधल्या हॉजसन यांनी २००९ मध्ये आणखी एक पाहणी मांडली. अमेरिकेतल्या १३ स्पर्धांचे निकाल त्यांनी एकत्र ठेवले. तीनपेक्षा जास्त स्पर्धांत उतरलेल्या २,४४० वाईनपैकी ४७ टक्क्यांना कुठे ना कुठे सुवर्ण मिळालं होतं, आणि त्या सुवर्णवाल्यांपैकी ८४ टक्के दुसऱ्या एखाद्या स्पर्धेत एकही पदक न घेता परतल्या होत्या.

१५. ॲपवर हजारो लोकांनी दिलेले तारे समीक्षकापेक्षा बरे नाहीत का?

गर्दीच्या सरासरीत एकट्याची लहर धुऊन निघते हे खरं. पण नाव आणि किंमत बघून दिलेले तारे आहेत (प्रश्न ६), आणि गर्दीला भरदार, किंचित गोडसर रेड आवडते. आंबटसर व्हाइटला तिथे न्याय मिळत नाही. भारतीय बाटल्यांना मतंही थोडी असतात. ताऱ्यांपेक्षा खालच्या प्रतिक्रिया वाचा, त्यातही भारतातून लिहिलेल्या. बाटली उकाड्याने गेली होती का, हे तिथे कळतं.

१६. आपल्या गोव्याच्या पोर्ट वाईनला गुण का नसतात?

पोर्तुगालची पोर्ट दौरो खोऱ्यातली. त्या प्रदेशाची हद्द १७५६ मध्ये आखली गेली. द्राक्षरस आंबत असताना त्यात द्राक्षाचं स्पिरिट घालून तो थांबवतात, म्हणून ती गोड आणि जोरकस. समीक्षक गुण देतात ते तिला. गोव्यात त्या नावाने मिळणारी गोड रेड वाईन बाहेरून आलेल्या, मुख्यतः बेंगळुरू ब्लू जातीच्या द्राक्षांची. तिची जागा घरातली आहे: नाताळच्या केकासाठी सुका मेवा भिजवायला, पाहुण्यांना छोट्या ग्लासात द्यायला. दौरोच्या पट्टीने तिला मोजण्यात अर्थ नाही. फेणीचंही तेच. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण वाईनच्या शंभर गुणांत तिला बसवायची गरज मला कधी वाटली नाही.

१७. काही ठिकाणी ‘९४–९६’ असे दोन आकडे किंवा ‘९२+’ दिसतं. ते काय?

दोन आकडे म्हणजे वाईन अजून पिंपात असताना चाखली आहे, बाटलीत भरल्यावर कशी होईल याचा तो अंदाज. अधिकचं चिन्ह म्हणजे पुढे सुधारेल असं समीक्षकाला वाटतं. विक्रेते यातला वरचाच आकडा छापतात.

१८. दोन मोठे समीक्षक एकाच वाईनबद्दल अगदी उलट बोलले तर कुणाचं मानायचं?

याचं गाजलेलं उदाहरण बोर्दोतल्या शातो पावी या मळ्याची २००३ सालची वाईन. त्या वर्षी युरोपात भयंकर उन्हाळा होता आणि द्राक्षं अतिपक्व झाली. पार्कर यांनी तिला शंभराच्या जवळ नेऊन बसवलं. जॅन्सिस रॉबिन्सन यांनी २० पैकी १२ दिले. त्यांच्या पट्टीवर १२ म्हणजे काय ते प्रश्न ३ मध्ये आलं आहे. दोघंही अनुभवी होते आणि चाखली ती वाईन एकच. पार्कर यांना पिकलेपणा, घनता, भरदारपणा प्रिय, तर रॉबिन्सन यांना ताजेपणा आणि तोल. अशा वेळी सरासरी काढली तर हाती काहीच लागत नाही. दोघांच्या नोट वाचा. ‘पिकलेली, दाट, गोडसर’ वाचून तोंडाला पाणी सुटलं तर पार्कर यांचं ऐका, नको वाटलं तर रॉबिन्सन यांचं.

१९. घरी झाकून चाखायची तर कशी?

दोन बाटल्या, तीन ग्लास. एक वाईन दोन ग्लासांत, दुसरी एका ग्लासात. ओतणारा वेगळा, चाखणारे वेगळे. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि दोन्हींचं तापमान सारखं ठेवा, कारण थंडाव्यातला फरक लगेच ओळखू येतो. चाखणाऱ्याने फक्त वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही तिघांत सरासरी एकाचं उत्तर बरोबर येतं. म्हणून सहा जणांत दोघांनी ओळखलं तर त्याने काही सिद्ध होत नाही. सहाच्या सहाही जणांनी ओळखलं तर फरक खरा आहे, आणि मग कुठली जास्त आवडली हे विचारायला अर्थ आहे. ८८ आणि ९३ च्या बाटल्या घेऊन हे एकदा करून पाहा. परस्परांत न बोलता उत्तर कागदावर लिहायचं, हा नियम मोडू देऊ नका. पहिला जो मोठ्याने बोलतो त्याचं मत सगळ्यांचं होतं.

२०. लग्नाच्या रिसेप्शनसाठी दहा-बारा पेट्या घ्यायच्या आहेत. जास्त गुणांची बघून घेऊ का?

आधी एकच बाटली आणा. केटररकडून मेन्यूतले दोन-तीन पदार्थ मागवा, निदान रेशादचा मासा आणि शागुती, आणि त्यांच्याबरोबर चाखा (प्रश्न १०). पसंत पडली तर त्याच सालाची आणि शक्यतो एकाच खेपेतली पेटी मागा. मागच्या लेबलवरून बॅच जुळते का ते पाहता येतं. मोकळ्या लॉनवर, मेच्या संध्याकाळी, प्लॅस्टिकच्या ग्लासात ९२ आणि ८६ मध्ये फरक करणारं कुणी सापडणार नाही, म्हणून पैसे बर्फावर आणि थंड ठेवायच्या सोयीवर खर्च करा. रेडसुद्धा अर्धा तास बर्फात ठेवू द्या. न उघडलेल्या पेट्या परत घेणार का, हे दुकानदाराकडून आधी लिहून घ्या, आणि त्या आदल्या दिवशी आणल्या तर घराच्या सगळ्यात थंड खोलीत आडव्या ठेवा, गच्चीवर किंवा गाडीच्या डिकीत नको.